अधिक दोन पॉइंट तीन

३३.१

हा आकडा दूधवाल्याचा आहे.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. इमारतीचं फाटक. सायकलवरून एक पाय खाली टेकवलेला, दोन्ही बाजूंना कॅन, कपाळावर घाम आणि तोंडाला बांधलेल्या रुमालातून "काका, आटपा की, दूध फाटायचं माझं" अशी घाई. असा हा धडधाकट गडी. आणि मापकाकांच्या हातातली तापाची बंदूक सांगत होती, की ह्याच्या अंगात तेहेतीस पॉइंट एक अंश उष्णता आहे. एवढीच उष्णता उरलेला माणूस साधारणपणे बर्फाखाली सापडतो, आणि त्याच्याकडून कोणी दूध घेत नाही.

मापकाकांनी बंदूक स्वतःच्या कपाळाला लावली. चौतीस पॉइंट चार. वॉचमनच्या लावली. चौतीस पॉइंट दोन. नऊ वाजता, जरा ऊन चढल्यावर, कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी ती फाटकाच्या खांबाला लावली. छत्तीस पॉइंट सहा. म्हणजे अख्ख्या इमारतीत जिवंत म्हणायच्या लायकीचा तो एकटा खांब होता.

दुसरा कोणी असता तर हसून मोकळा झाला असता. पण मापकाका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सव्वीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासले होते, लिटरच्या मापांना आलेले पोचे बोटाने शोधले होते, आणि जे साधन खरं बोलतं त्याच्यावर शिक्का मारून जे खोटं बोलतं ते जप्त केलं होतं. खोटारडा माणूस त्यांना चालायचा. त्यांचे दोन साडू तसे होते. खोटारडं साधन मात्र चालत नसे.

साथ आली, तीन आठवड्यांनी ऑफिसही बंद झालं, आणि शहरातले सगळे तराजू रामभरोसे सोडून मापकाका घरी बसले. पाचव्या दिवशी त्यांनी घरातले डबे मोजले. सातव्या दिवशी बायकोने इमारतीच्या सेक्रेटरींना फोन केला. "यांना काहीतरी काम द्या," ती म्हणाली, "नाहीतर मी यांना देईन."

काम तयारच होतं. समितीने बंदूक मागवली होती आणि नियमही केला होता: फाटकातून आत यायचं तर बंदुकीचा आकडा साडेसदतीसच्या खाली हवा. बाहेरचा पाहुणा असेल तर तेवढ्यानेही जिना चढायचा नाही. खाली गाड्यांच्या जागेत, सहा फुटांवरून, अर्धा तास भेटायचं आणि जायचं. बंदुकीच्या आकड्यापासून अर्ध्या तासापर्यंत हा सगळा मसुदा मापकाकांनीच लिहून दिला होता आणि त्याखाली सहीसुद्धा ठोकली होती.

मसुदा लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे एकच पाहुणी होती. त्यांची लेक. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. साथ सुरू झाल्यापासून तिथल्याच वसतिगृहात राहत होती आणि घरी आली नव्हती त्याला एकतीस दिवस झाले होते. दहा दिवसांनी येणाऱ्या रविवारी हॉस्पिटलची गाडी ह्या रस्त्याने जाणार होती आणि ड्रायव्हर अर्धा तास थांबायला तयार झाला होता. रस्त्यावर उभं राहायला बंदी होती. पोलीस हाकलत होते. तेव्हा भेट व्हायची ती फाटकाच्या आतच.

बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रविवारी काहीच खूण केली नव्हती. तिला गरज नव्हती.

३४.४

एकोणीस वर्षं ह्या इमारतीत राहून मापकाकांना शेजाऱ्यांबद्दल जेवढं कळलं नव्हतं तेवढं एका आठवड्यात कपाळांवरून कळलं. एरवी लिफ्टमध्ये सगळे छताकडे बघायचे. आता एकेक जण येऊन डोळे मिटून त्यांच्यापुढे कपाळ धरत होता, आणि मापकाका कुतूहलाने वेडे व्हायचे बाकी होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई कॉम्प्युटरवर शिकवणी घ्यायच्या. साध्या दिवशी चौतीस पॉइंट तीन. अपूर्णांक शिकवून आल्या की चौतीस पॉइंट नऊ. सेक्रेटरी विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांचा आकडा सभा घेतल्यावर खाली जायचा. वॉचमन घरच्या फोनवर बोलला की डावी बाजू उजवीपेक्षा गरम. (फोन डाव्या कानाला धरतो म्हणून. हे शोधायला मापकाकांना दोन दिवस लागले. त्यांना ते दोन दिवस अजिबात वाया गेल्यासारखे वाटले नाहीत.)

वजन माणसाने वाढवलं तर वाढतं, उंची एकदा ठरली की ठरली. पण ही उष्णता कुठून येते, कुठे जाते, सगळ्यांची साधारण सारखीच का असते, आणि ती सारखी ठेवायचं काम आत कोण करतं? सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. तराजूला ताप येत नाही.

पण आधी बंदूक सरळ करायला हवी होती. घरात पाऱ्याचा जुना थर्मामीटर होता. त्यावर खात्याचा शिक्का होता, म्हणजे तो खरा. त्यांनी बायकोला खुर्चीत बसवलं, काच तिच्या जिभेखाली दिली, आणि बंदूक कपाळावर रोखली. दिवसातून चार वेळा. पाच दिवस.

"अहो," पाचव्या दिवशी काच बाहेर काढून ती म्हणाली, "बंदूक लावून माणसाला गप्प बसवतात असं ऐकलं होतं. पण असं नव्हतं ऐकलं."

"बोलू नकोस. पारा हलतो."

"पारा नाही हलत, मी हलते. उठते आता. भांडी पडलीत."

उठून धुताना काच तिच्या हातातून बेसिनमध्ये पडून फुटली आणि इमारतीतला एकमेव खरा साक्षीदार गेला. पण मापकाकांचं काम झालं होतं. वीस मापं. प्रत्येक वेळी फरक तोच. बंदूक दोन पॉइंट तीन अंशांनी कमी दाखवत होती.

३६.७

सूचना

सर्व रहिवाशांस कळवण्यात येते की फाटकावरील साधनात ऋण २.३ अंश इतकी त्रुटी आढळली आहे. यापुढे साधनावर दिसेल त्या आकड्यात २.३ मिळवून येणारा आकडाच खरा धरावा. साधनाशी वाद घालू नये. निम्नस्वाक्षरीकाराशीही घालू नये.

ही सूचना लागली आणि वाद सुरू झाला.

"मी म्हणतो, मिळवायचं कशाला?" सेक्रेटरी म्हणाले. "कमी दाखवतंय तर दाखवू दे की. सगळे पास होतायत. कोणाची तक्रार आहे का?"

"साहेब, उद्या दुकानदार म्हणेल, माझा काटा कमी दाखवतोय, पण कोणाची तक्रार नाही!"

"दुकानदाराचा कमी दाखवत नाही हो. जास्त दाखवतो."

गणिताच्या बाईंना वेगळीच काळजी. "काका, वॉचमनला हातचा येतो का? चौतीस पॉइंट आठमध्ये दोन पॉइंट तीन मिळवताना हातचा घ्यावा लागतो."

वॉचमनला येत नव्हता. बाईंनी दोन पानांचा तयार तक्ता करून दिला. डावीकडे बंदुकीचा आकडा, उजवीकडे खरा. वॉचमनने तो खुर्चीच्या पाठीला बांधला. त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस आपला आकडा वॉचमनच्या पाठीवर शोधायचा आणि वॉचमनला वाटायचं लोक आपल्याला वाकून नमस्कार करतायत.

तरी मापकाकांचं समाधान होईना. दुरुस्ती केली खरी, पण तिला खात्याचा आधार हवा. त्यांनी स्वतःच्याच ऑफिसला, स्वतःच्याच हुद्द्याने, रीतसर अर्ज मेल केला. ऑफिस बंद होतं, पण ऑफिसचं उत्तर देणं बंद नव्हतं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं:

'आपल्या अर्जात नमूद केलेले साधन तराजू, वजन, द्रवमाप अथवा लांबीमाप यांपैकी कोणत्या वर्गात मोडते ते कळवावे. साधन बंदूक असल्यास अर्ज संबंधित परवाना शाखेकडे करावा. अर्जासोबत साधन तीन प्रतींत जोडावे.'

हे पत्र मापकाकांनी दोनदा वाचलं. भाषा ओळखीची होती. असली पत्रं त्यांनी आयुष्यभर लोकांना लिहिली होती. आपल्याला आलं की कसं लागतं हे मात्र नवीन होतं.

मग त्यांनी तो निर्णय घेतला, ज्याला पुढे पंचनाम्यात 'चूक क्रमांक एक' म्हटलं आहे. कपाटातून खात्याचा शिक्का काढला आणि बंदुकीच्या मुठीवर उमटवला. पडताळले. खरे. अधिक २.३.

३९.०

गुरुवार. सकाळी सहा.

मापकाकांनी पहिला आकडा नेहमीप्रमाणे स्वतःचा घेतला. बंदुकीवर छत्तीस पॉइंट सात. अधिक दोन पॉइंट तीन. एकोणचाळीस.

त्यांनी पुन्हा घेतला. एकोणचाळीस.

आणि काय आश्चर्य, त्यांना लगेच डोकं जड वाटायला लागलं. पाठीतून शिरशिरी गेली. बायकोला हाक मारायला गेले तर घसासुद्धा बसल्यासारखा. वॉचमन आला. एकोणचाळीस. त्याने कपाळाला हात लावला आणि खुर्चीत कोसळला. बाई आल्या. एकोणचाळीस पॉइंट दोन.

"तरीच!" बाई म्हणाल्या. "सकाळपासून माझे हातपाय गळालेत."

"सकाळपासून? आत्ता तर गच्चीवर दोरीच्या उड्या मारत होतात."

"म्हणूनच गळालेत ना!"

आठ वाजेपर्यंत सतरा जण. सतराच्या सतरांना ताप. पहिल्या मजल्यावरचे सगळे घरात कोंडून घेतले गेले, तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने मृत्युपत्र शोधायला सुरुवात केली आणि त्यावरून त्याच्या दोन्ही सुनांत बोलणं सुरू झालं, जे गेली चार वर्षं बंद होतं. मापकाकांनी हेल्पलाइनला फोन लावला. आवाज कापत होता, पण माहिती नेमकी होती: "सतरा रुग्ण. सरासरी एकोणचाळीस पॉइंट शून्य पाच."

सेक्रेटरी मात्र जिन्यात उभे होते. ते पुन्हा पुन्हा काहीतरी बोलायला तोंड उघडत आणि मिटत होते.

दहाला पालिकेची गाडी आली. पांढऱ्या पोषाखातली एक डॉक्टरीण उतरली. डोळे तेवढे दिसत होते आणि त्या डोळ्यांना झोप मिळालेली नव्हती. तिने स्वतःचं यंत्र काढलं आणि रांगेने सगळ्यांची कपाळं तपासली. छत्तीस पॉइंट सात. छत्तीस पॉइंट सहा. छत्तीस पॉइंट नऊ.

"ताप कोणाला आहे?" तिने विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याचा ताप गेला तोही थोडा हिरमुसला.

"हे 'अधिक दोन पॉइंट तीन' कुठून आलं?"

"पडताळणीतून," मापकाका म्हणाले. "वीस मापं घेऊन. बंदूक कमी दाखवते."

"दाखवत नाही," सेक्रेटरींना अखेर कंठ फुटला. "म्हणजे, दाखवत होती. काल संध्याकाळी मी माहितीपत्रक वाचलं. आत एक बटण असतं. दाबून धरलं की दुरुस्ती करता येते. मला ती रोजची बेरीज... माणूस म्हणून कंटाळा येतो हो. मी आतच दोन पॉइंट तीन मिळवून टाकले."

"आणि हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"आज सभेत सांगणार होतो."

डॉक्टरणीने स्वतःचं यंत्र पिशवीत टाकलं. "म्हणजे दुरुस्ती यांनी बरोबर केली. आणि तुम्हीही बरोबर केली."

"हो," दोघं एकदम म्हणाले.

"दोघांनी बरोबर केलं म्हणून सतरा जण आजारी पडले."

जाता जाता तिने बंदूक हातात घेतली, मुठीवरचा शिक्का वाचला, मापकाकांकडे पाहिलं आणि काही न बोलता बंदूक परत दिली. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं मापकाका आजही म्हणतात.

—.—

पंचनामा

जप्त केलेले साधन: तापाची बंदूक, एक.
कोणाकडून जप्त केले: स्वतःकडून.
कोणी जप्त केले: स्वतः.
कारण: साधनावर 'अधिक २.३' असा शिक्का मारला (चूक क्रमांक एक). त्यामुळे सतरा इसमांस चुकीचा आकडा सांगितला गेला. शिक्का मारणाऱ्याने त्या सकाळी मूळ आकडा बदलल्याचे पाहिले, पण स्वतःच्या दुरुस्तीवरील विश्वासापोटी त्याची दखल घेतली नाही (चूक क्रमांक दोन).
पंच: गणिताच्या बाई, वॉचमन.
शेरा: पंच क्रमांक दोन यांनी 'एवढं काय त्यात' असे उद्गार काढले. ते नोंदवले.

बंदूक जाड पाकिटात गेली. वरून दोरा. दोऱ्याच्या गाठीवर लाख वितळवून मोहोर. खात्याचा नियम असा, की मोहोर लागलेली वस्तू वरिष्ठांच्या लेखी हुकमाशिवाय उघडायची नाही. वरिष्ठ बंद ऑफिसात नव्हते. घरी होते, आणि फोन उचलत नव्हते.

मापकाका घरी आले तेव्हा त्यांना फार हलकं वाटत होतं. चुकलेल्या दुकानदाराला जसं सोडलं नसतं तसं त्यांनी स्वतःलाही सोडलं नव्हतं. त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. लाखेच्या रंगापर्यंत.

ती पोळपाट पुसत होती. तिने ऐकून घेतलं.

"मग रविवारी तिचा ताप कशाने मोजणार?"

मापकाका उभ्या जागी थिजले. तेहेतीस पॉइंट एक वगैरे झाले असावेत.

"बंदुकीचा आकडा असल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हे कोणी लिहिलंय?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर निभावलं असतं. "एक्केचाळीस दिवस होतील त्या दिवशी. मी रोज फोनवर विचारते, जेवलीस का. ती रोज हो म्हणते. फोनवर सगळेच हो म्हणतात."

नवी बंदूक मागवली. 'आठ ते बारा दिवसांत.' सेक्रेटरींना नियम शिथिल करायची विनंती केली. ते खरोखर ओशाळले होते, पण गुरुवारच्या प्रकाराने इमारत इतकी घाबरली होती, की कोणी शिंकलं तरी खिडक्या लागायच्या. "आता ह्यात मी सूट दिली तर लोक मला खातील," ते म्हणाले. "आणि नियम तुमचा आहे हो. इतका चांगला लिहिलाय की कुठे फटच नाही."

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. बाई म्हणाल्या, नाडीच्या ठोक्यांवरून तापमान काढायचं समीकरण असतं, मी शोधते. वॉचमन म्हणाला, तुम्ही तिकडे तोंड करा, मी फाटक उघडतो. हा सल्ला मापकाकांना इतका आवडला, की ते शुक्रवारभर त्याच्याशी बोलले नाहीत.

३६.८

रविवारी चार वाजता गाडी फाटकाशी थांबली आणि लेक उतरली. मास्कच्या वर दोन डोळे आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना मास्कचे वळ. गाड्यांच्या जागेत आई येऊन थांबली होती. गजांमधून दोघींनी एकमेकींना पाहिलं.

"वाळलीस," आई म्हणाली. "चार किलो तरी."

"काहीतरीच आई. तीन किलो नऊशे."

मापकाकांनी चमकून बायकोकडे पाहिलं. वीस पावलांवरून, गजांच्या पलीकडून, फक्त शंभर ग्रॅमची चूक. असा काटा त्यांनी सव्वीस वर्षांत तपासला नव्हता.

सेक्रेटरी, बाई आणि वरच्या सगळ्या खिडक्या बघत होत्या. मापकाकांच्या हातात पाकीट होतं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं. लाल मोहोर उन्हात चमकत होती. त्यांचा हुद्दा, त्यांचं खातं, त्यांचा हात. आयुष्यात त्यांनी शेकड्यांनी मोहोरा लावल्या होत्या. फोडली एकही नव्हती.

"काका, विचार करा," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "नोकरीचा प्रश्न आहे."

मापकाकांनी अंगठा दोऱ्याखाली घातला आणि ओढला. लाख कडकन फुटली. वरच्या एका खिडकीतून कोणीतरी 'अरेरे' म्हणालं. त्यांनी बंदूक काढली, गजांमधून लेकीच्या कपाळावर रोखली आणि चाप ओढला.

पडदा कोरा. पुन्हा ओढला. कोरा. तीन दिवस पाकिटात बटण दबून राहिलं होतं. बॅटरी संपली होती.

कोणी हसलं नाही, हे त्या इमारतीचं पुण्य.

"बाबा," लेक म्हणाली, "माझ्या पर्समध्ये थर्मामीटर आहे. नर्स आहे मी."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कुठे विचारलंत? मला वाटलं पाकिटात काही समारंभाचं आहे."

तिने थर्मामीटर काखेत धरला. मिनिटभर सगळी इमारत त्याच्या बीपची वाट बघत राहिली. छत्तीस पॉइंट आठ. सेक्रेटरींनी घसा साफ केला. नियम फाटकावरच्या बंदुकीचा होता, आणि ते सेक्रेटरी होते. त्यांना विचारणं भागच होतं.

"ह्याच्यावर खात्याचा शिक्का आहे का?"

"नाही," मापकाका म्हणाले.

"पडताळणी?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. तिने सांगितलं, मी ऐकलं. फाटक उघड रे."

वॉचमनने फाटक उघडलं. इतक्या वेगाने, की त्याने कडी आधीच काढून ठेवली असावी.

१८२.९

सेंटिमीटर. म्हणजे सहा फूट. निदान हा तरी नियम नीट पाळला जावा, म्हणून मापकाकांनी वरून कापडी टेप आणली. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. टेपचं एक टोक बायकोच्या हातात दिलं, रीळ लेकीच्या हातात दिलं आणि मधे वाकून ते आकडा बघू लागले.

"मागे घे खुर्ची. अजून. थोडी पुढे. बस. बरोबर सहा."

त्यांनी टेप घ्यायला हात पुढे केला. लेकीने रीळ सोडलं नाही. तिकडे बायकोनेही टोक सोडलं नाही. टेप दोघींच्या मधे ताठ होती. कधी इकडून जराशी ओढली जायची, मग तिकडून.

"जेवतेस का?" आई विचारत होती.

"नाही गं," लेक म्हणाली. "वेळच मिळत नाही."

फाटकापाशी ड्रायव्हर घड्याळ बघत होता. सेक्रेटरी उगाचच खांबाला टेकून दुसरीकडे पाहत होते. मापकाका टेपच्या मध्याशी, हात पुढे केलेलेच, उभे होते.

"द्या इकडे," ते म्हणाले. "गुंडाळून ठेवतो. सहा फूट झालं बरोबर."

"थांबा हो जरा," बायको त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "अजून मोजून झालं नाही."